नाचणी गव्हाऐवजी की गव्हाच्या वर?

माननीय संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

मी पंचवटीत पिठाची गिरणी चालवतो. वडिलांनी टाकली तेव्हा आजूबाजूला मळे होते आता बिल्डिंगा आहेत, बाकी फार फरक नाही. पेपर सव्वासहाला येतो, गिरणी आठला चालू होते, मधल्या वेळात चहाबरोबर मी तुमचा पेपर पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत वाचतो, त्यामुळे कोणी वाचतं की नाही ही काळजी निदान माझ्यापुरती करू नका. पत्र जरा लांब होणार आहे, कापायचं तर कापा पण आकडे कापू नका, कारण सगळा घोळ आकडे कापल्यामुळेच झालाय.

विषय म्हणजे आरोग्याचं पान. तुमचंच असं नाही, सगळ्याच पेपरांचं, आणि मोबाईलवर जे येतं त्याचं तर विचारूच नका. "संशोधनातून सिद्ध झालं" अशी एक ओळ छापून आली की दोन-तीन दिवसात ती माझ्या ओट्यावर डब्यात घालून येते. जवस छापलं की लोक गव्हात जवस टाकून आणतात (माझे दगड तेलकट होतात, मग पुढच्या दळणाला वास लागतो, मग शिव्या मला). मेथी छापली की मेथी. २०२३ ला आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं तेव्हा तर काय सांगू, नाचणी, राळा, कोद्रा, वरई, एकेक दळण अर्ध्या अर्ध्या किलोचं, आणि प्रत्येक जण विचारणार "आधी काय दळलं हो तुम्ही?" म्हणजे आधीच्याचा गहू त्यांच्या नाचणीत नको. हा प्रश्न पूर्वी फक्त उपवासाच्या दळणाला यायचा.

मला याचा राग नाही. धंदा वाढला. पण त्यातून एक गोष्ट झाली, ती सांगायला हे पत्र.

आमच्याकडे एक आप्पा येतात, नोकरीतून रिटायर, शुगर आहे. घरात चार मोठी माणसं. त्यांचं दळण ठरलेलं, दर दहा दिवसांनी १० किलो गहू, मध्यम, ना जाड ना बारीक. भरडधान्य वर्षात त्यांनी कुठेतरी वाचलं की नाचणीने शुगर कमी होते, तेव्हापासून १० किलो गव्हाबरोबर २ किलो नाचणी यायला लागली. चहात साखरेऐवजी गूळ चालू केला, तेही वाचूनच. वर्षभराने आले ते तोंड पाडून, तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवतात तो रिपोर्ट, एचबीए१सी, साडेसातवरून साडेआठवर गेलेला. म्हणाले, "भाऊ, पेपरात तर होतं की कमी होते म्हणून."

मी म्हटलं, "आप्पा, नाचणी आली ते मला दिसलं, पण गहू कुठे कमी झाला? काट्यावर तर अजून १० किलोच येतोय."

ते गप्प झाले. मग म्हणाले, "कमी करायचा होता का?"

साहेब, माझ्या काट्याला जे दिसत होतं ते बातमीत कुठेच नव्हतं. नाचणी खा असं छापलं होतं, पण कशाच्या ऐवजी खा हे छापलं नव्हतं. आप्पांनी पोळ्या तेवढ्याच ठेवल्या आणि वर दोन भाकऱ्या घेतल्या, औषध म्हणून. गुळाचंही तेच, साखर दोन चमचे होती तर गूळ "चांगला" म्हणून तीन चमचे. गुळात बहुतेक भाग साखरच असते, जी काही खनिजं असतात ती चहातल्या तीन चमच्यात काय पोटाला लागणार.

माझी मुलगी एम.एस्सी. करते, सुट्टीच्या दिवशी काट्यावर बसते. तिला मी हे सांगितलं तर तिने फोनवर दोन अभ्यास काढून दाखवले आणि म्हणाली, पप्पा दोन्ही वाचा आणि मग सांगा कोण खरं. पहिला हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या लोकांनी २०२१ मध्ये छापलेला, वेगवेगळ्या देशातले आधीचे अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष, की भरडधान्यं खाणाऱ्या मधुमेहींची उपाशीपोटीची शुगर साधारण १२ टक्के आणि जेवणानंतरची १५ टक्के खाली आली. दुसरा २०२५ च्या सप्टेंबरचा, आयसीएमआर (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि चेन्नईच्या मधुमेह संशोधन संस्थेचा, नेचर मेडिसिन या शास्त्रीय मासिकात आलेला, १ लाख २१ हजार माणसांचा, आपल्याच देशातला. त्यात सापडलं की आपल्या लोकांच्या खाण्यातल्या उष्मांकापैकी सरासरी ६२ टक्के नुसत्या कर्बोदकातून येतात, म्हणजे भात, पोळी, भाकरी, साखर. आणि पांढऱ्या तांदळासारख्या धान्याच्या जागी गव्हाचं नाहीतर भरडधान्याचं दळलेलं पीठ घेतलं पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली तर मधुमेहाचा धोका काही कमी झालेला दिसला नाही. थोडी कर्बोदकं काढून त्या जागी डाळी-कडधान्यं, दूध-दही यातलं प्रोटीन घेतलं तर मात्र दिसला.

आता पहिल्यावर मथळा करा, "भरडधान्याने शुगर घटते". दुसऱ्यावर मथळा करा, "भरडधान्याचा उपयोग नाही". दोन्ही मथळे आले असतील तर वाचणारा म्हणतो हे शास्त्रज्ञ रोज पलटी मारतात, यांचं काही खरं नाही, आणि सरळ मिसळीवर जातो. पण बसून वाचलं तर भांडण तेवढं राहत नाही. एकात आधीच आजारी असलेल्या माणसांना ठरवून, मोजून भरडधान्य खायला दिल्याचे प्रयोग जास्त आहेत. दुसऱ्यात लोक घरी आपापलं जे खातात तेच विचारून घेतलंय, आणि घरी लोक काय करतात ते मला विचारा, बारीक पीठ करतात.

बारीक पिठावर मला बोलायचंच आहे कारण ते माझं खातं आहे. नाचणीची भाकरी थापताना फाटते, त्यात गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून बायका सांगतात "भाऊ एकदम बारीक द्या, मैद्यासारखं". मी देतो. दगड जवळ आणतो, पीठ हाताला गरम लागतं, नळीतून धुरासारखं उडतं. पण धान्य जेवढं बारीक तेवढं ते पोटात पटकन पचतं आणि साखर पटकन रक्तात जाते, हे शास्त्र जुनंच आहे. मग अख्ख्या दाण्याचा जो फायदा छापून आला तो माझ्या दगडात अर्धा जिरला की नाही? मी आता विचारतो, जाडसर देऊ का. दहातले सात नाही म्हणतात. एक ताई तर म्हणाल्या, जाडसर पाहिजे असतं तर घरी मिक्सरवर केलं असतं. बरं.

आता मल्टिग्रेन. हा शब्द कोणी आणला माहिती नाही पण आता कामवाल्या मावशी पण म्हणतात, "आज मल्टिग्रेन आहे". ५ किलो गव्हात पाव किलो नाचणी, मूठभर सोयाबीन, मूठभर जव. मी एकदा पेपरच्याच कोपऱ्यावर हिशोब केला. पाव किलो नाचणी सव्वापाच किलो पिठात म्हणजे पाच टक्क्याच्या आत. एका पोळीला ३० ग्रॅम पीठ धरा, त्यात नाचणी दीड ग्रॅम. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढं दुसऱ्या कुठल्या धान्यात नाही, हे खरं आहे आणि हेच दर वेळी छापून येतं. पण दीड ग्रॅमात ते किती होतं, ५ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला १००० लागतं असं आयसीएमआर सांगते. म्हणजे नाचणीमुळे जी भर पडली तेवढ्यावर हजार गाठायला अशा दोनशे पोळ्या खाव्या लागतील. कपभर दुधात २०० च्या वर मिळतं. नाचणी वाईट नाही हो, पण तिला एवढीशी टाकून आपण मनाचं समाधान दळून नेतो.

पाकिटातल्या आट्याचं तर अजूनच. एकदा पाहुण्यांनी आणलेलं पाकीट पाहिलं, पुढे सात धान्यांची चित्रं, सोनेरी कणसं वगैरे, मागे बारीक अक्षरात गहू ९० टक्क्याच्या वर. उरलेल्या सहा धान्यांनी दहा टक्क्यात दाटीवाटीने बसायचं. यात त्यांनी कायदा मोडला असं नाही, जे घटक जास्त ते आधी लिहायचे असा नियमच आहे, लिहिलेलं होतं, आपणच पाकीट उलटं करत नाही. गेल्या काही वर्षात सरकारनेही हलवाहलव केलीय, २०२४ च्या जूनमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, पाणी घालून बनवलेल्या रसांवरचं "१०० टक्के फळांचा रस" काढायला लावलं. आता पाकिटाच्या पुढच्याच बाजूला साखर-मीठ-तेल ठळक छापायचं प्रकरण वर्षानुवर्षं रखडलंय, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. पेपरवाल्यांनी ते लावून धरलं तर मी सकाळचा चहा तुमच्या नावाने पिईन.

तर माझं म्हणणं एवढंच, बातमी देताना हे सांगा की कशाच्या ऐवजी, किती, कोणावर करून पाहिलं आणि पैसा कोणाचा. या शेवटच्या दोनचं महत्त्व मला आधी पटत नव्हतं. मुलगीच म्हणाली की १९६७ साली अमेरिकेत हार्वर्डच्या प्राध्यापकांनी एक मोठा लेख लिहिला, हृदयविकाराचा दोष चरबीवर ढकलला आणि साखरेला जवळपास सोडून दिलं, आणि त्यासाठी साखर कारखानदारांच्या संस्थेने त्यांना साडेसहा हजार डॉलर दिले होते हे कळलं कधी, २०१६ ला, जुनी पत्रं सापडली तेव्हा. एकोणपन्नास वर्षं! तेवढ्या काळात माझ्या वडिलांनी तीनदा दगड बदलले असतील. आणि २०१५ चा तो चॉकलेटचा किस्सा तर मी गिऱ्हाइकांना सांगतो. एका पत्रकाराने मुद्दाम फसवा प्रयोग केला, १५ माणसं, तीन आठवडे, आणि एकाच वेळी १८ गोष्टी मोजल्या, वजन, कोलेस्टेरॉल, झोप, काय काय. एवढ्या कमी माणसांवर एवढ्या गोष्टी मोजल्या की एखादी तरी योगायोगाने "सिद्ध" होणारच, मटक्याचे अठरा आकडे लावल्यासारखं. झालंच, चॉकलेट खाऊन वजन उतरतं निघालं. जगभरच्या पेपरांनी छापलं. नंतर त्यानेच सांगितलं की बघा तुम्ही किती माणसं हेसुद्धा विचारलं नाही.

पण यावरून माणसं कमी म्हणजे अभ्यास टाकाऊ असंही धरू नका, इथे मी स्वतः फसलो होतो. २०१९ ला अमेरिकेत सरकारी संशोधन संस्थेने फक्त २० माणसं महिनाभर दवाखान्यात ठेवून घेतली, दोन आठवडे पाकिटातलं कारखान्याचं खाणं, दोन आठवडे साधं ताजं खाणं, दोन्ही ताटात साखर, मीठ, चरबी, चोथा सारखाच वाढलेला, आणि पाहिजे तेवढं खा म्हणून सांगितलं. पाकीटवाल्या दोन आठवड्यात माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती आणि वजन जवळजवळ एक किलो वाढलं. वीसच माणसं, पण घास न् घास मोजलेला, आणि तेच माणूस दोन्हीकडे. तिकडे लाखभर माणसांचा अभ्यास असला तरी "गेल्या वर्षात तुम्ही किती वेळा वांगं खाल्लं" असं विचारलेलं असतं. मला काल काय खाल्लं ते आठवत नाही. म्हणजे किती माणसं हा एक प्रश्न झाला, कशी मोजली हा दुसरा. दोन्ही दोन ओळीत बसतात.

आणि कोणावर, हे तर आपल्यासाठी फारच महत्त्वाचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि एक ब्रिटिश डॉक्टर यांचा दोघांचा फोटो २००४ च्या लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात आलेला आहे, शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय बरोबर २२.३, म्हणजे उंची-वजनाच्या हिशोबाने दोघं सारखेच सडपातळ. अंगातली चरबी मोजली तर साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! वरून बारीक आतून चरबी. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या गावात १९९३ पासून आयांचा आणि बाळांचा अभ्यास केला, तिथेही तेच, आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाला पाऊण किलोच्या आसपास हलकी पण त्या मानाने चरबी टिकवून ठेवलेली. मग डेन्मार्क नाहीतर अमेरिकेतल्या माणसावर केलेला अभ्यास "आता हे खा" म्हणून जसाच्या तसा इथे छापला तर तो आपल्याला बसेलच कशावरून? निदान कोणत्या देशातला ते मथळ्याखाली घाला.

डेन्मार्कवरून आठवलं, पिशवी. हा पण तुमच्या पानावरचा आवडता विषय, पर्यावरणपूरक खरेदी. माझ्या धंद्यात पॅकिंगच नाही. लोक डबा घेऊन येतात, डबा घेऊन जातात, पिढ्यान् पिढ्या, आणि आता म्हणे त्याला झिरो वेस्ट म्हणतात, म्हटलं बरं झालं नाव मिळालं. पण कापडी पिशवीचं बघा. प्रत्येक घरात आज तीस-चाळीस कापडी पिशव्या असतील, लग्नातली, दुकानाच्या उद्घाटनातली, निवडणुकीतली (ती विशेष टिकाऊ असते). डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ ला हिशोब केला की साध्या कॉटनची पिशवी नेहमीच्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला, नुसता हवामानाचा विचार केला तर ५२ वेळा वापरावी लागते, आणि सगळेच निकष लावले तर ७,१०० वेळा. सेंद्रिय कॉटनची तर २०,००० वेळा. रोज एकदा वापरली तर ७,१०० म्हणजे साडेएकोणीस वर्षं!

हा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि लोक म्हणतात बघा प्लास्टिकच चांगलं. पुन्हा तेच, कशाच्या ऐवजी? तिकडे प्लास्टिकची पिशवी घरच्या कचऱ्याच्या डब्याला लावतात आणि शेवटी ती भट्टीत जाऊन त्यावर वीज आणि उष्णता बनते, हे त्या हिशोबात धरलंय. उघड्यावर पडलेल्या पिशवीचा त्रास त्यात धरलेलाच नाही. आपल्याकडे ती पिशवी नाल्यात आणि तिथून गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत जाते, पुराच्या दुसऱ्या दिवशी रामकुंडाच्या खाली या, कठड्यांना काय लोंबतंय बघा. त्यामुळे त्या आकड्यावरून प्लास्टिक चांगलं असं निघत नाही. निघतं ते एवढंच की एकतिसावी कापडी पिशवी घेऊ नका, आहेत त्या फाटेपर्यंत वापरा. माझ्याकडे एक आजी युरियाच्या जुन्या गोणीची शिवलेली पिशवी आणायच्या, धुवून धुवून पांढरी झालेली. खताची म्हणून पिठाला मी नको म्हणायचो, त्यात त्या भाजी नेत होत्या.

"इकोफ्रेंडली" "ग्रीन" असं उगाच छापायलाही आता बंदी आहे बरं का, ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियम काढलेत, दावा केला तर पुरावा द्या. पण ते किती लोकांना माहिती आहे? तुमच्या पानावर शेजारीच तसली जाहिरात असेल तर लिहायला अवघड जात असेल, समजू शकतो.

लोकल खा, हेही नेहमी येतं. मला पटायचं, आपण नाशिकवाले. पण २०१८ ला सायन्स या मासिकात जगभरच्या ३८ हजारांवर शेतांचा हिशोब आला, त्यावरून दिसतं की बहुतेक खाण्यात वाहतुकीचा धूर हा एकूण धुराचा लहान भाग असतो, विमानाने आणलेला माल सोडून. जास्त फरक पडतो तो काय पिकवलं, कसं पिकवलं यात. भाताच्या पाणी भरलेल्या खाचरातून मिथेन निघतो, डोंगरउतारावरच्या नागलीला, म्हणजे नाचणीलाच, पावसाचंच पाणी पुरतं.

आणि नागलीचीच गोष्ट शेवटची सांगतो. बुधवारच्या बाजारात गंगाघाटावर पेठ तालुक्यातल्या एक मावशी बसतात, पावसाळ्यात रानभाज्या, दिवाळीनंतर नागली, मापाने देतात. त्यांच्याकडून मी घरी घेतो, लालसर, थोडी माती असते, दोनदा पाखडावी लागते. मी सहज विचारलं, मावशी तुमच्याकडे रोज भाकर नागलीचीच असेल ना. हसल्या. म्हणाल्या, "कवाची रं भाऊ, रेशनचा तांदूळ हाय ना. नागली इकायची. पोरं खात नाय काळी भाकर, त्यांना बिस्कूट लागतं." २०२५-२६ साठी सरकारने नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये धरलाय, म्हणजे किलोला ४९ सुद्धा नाही. कॉलेज रोडला दुकानात नाचणीच्या बिस्किटांचा दोनशे ग्रॅमचा पुडा साठ रुपयाला पाहिला, उलटा केला, पहिला घटक मैदा. म्हणजे जिची नागली आहे तिची पोरं मैद्याची बिस्किटं खातात आणि इथे आम्ही पण मैद्याचीच खातो, फक्त नागलीचं चित्र काढलेली. यावर एखाद्या रविवारी पानभर लिहा की, पेठ-सुरगाणा काही लांब नाही, तुमचा माणूस दुपारपर्यंत परत येईल.

वाया जाण्याबद्दल पण एक वाक्य. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात भारतात घराघरातून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. त्यातलं थोडं मी डोळ्याने बघतो. उत्साहात ५ किलो बाजरी दळून नेतात, बाजरीच्या पिठाला तेल सुटतं, आठ-दहा दिवसात कडू होतं, मग मलाच सांगत येतात तुमचे दगड खराब आहेत. मल्टिग्रेनच्या डब्याला जाळी धरते, पोरकिडे होतात, फेकतात. बाजरी आठवड्यापुरतीच दळा एवढी ओळ कुठल्याच आरोग्याच्या लेखात मला अजून दिसलेली नाही, आणि ती गिरणीवाला सोडून कोण सांगणार.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहाराची माहिती काढली त्यात रोजच्या २००० उष्मांकाच्या ताटाला धान्य २५० ग्रॅम, डाळी वगैरे ८५ ग्रॅम, भाजी ४०० ग्रॅम असं माप दिलंय. मी आप्पांना काट्यावरच हिशोब करून दाखवला. चार माणसं, दहा दिवस, १० किलो गहू, म्हणजे माणशी रोज २५० ग्रॅम. धान्याचा कोटा गव्हातच संपला. भात अजून कुकरमध्येच आहे. आणि नाचणी त्याच्याही वर.

आप्पा बघत राहिले, मग म्हणाले, "हे आधी कोणी मापात सांगितलं असतं तर."

आता त्यांचं दळण ७ किलो गहू आणि १ किलो नाचणी असं येतं, जाडसर. मूग-मटकी मोड आणून खातो म्हणतात, गूळ बंद, डॉक्टरांनी गोळी पण बदललीय. पुढच्या महिन्यात रिपोर्ट आहे. कमी आला तर ते नाचणीने आला, गहू घटवल्याने आला, मटकीने आला की नव्या गोळीने, हे मला किंवा तुम्हाला कळणार नाही. आला की तुम्हाला कळवीन, पण एकाच माणसाचा आहे, बातमी करू नका.

आपला नियमित वाचक,
एक गिरणीवाला, पंचवटी, नाशिक
(नाव छापू नये, आप्पा पण हाच पेपर वाचतात)